रात्री नऊचे ठोके

दुसरे महायुद्ध सुरू झाले त्या वर्षी, म्हणजे १९३९ साली, ब्रिटनमध्ये रेडिओचे नव्वद लाखांच्या आसपास परवाने होते. घरटी एक संच धरला तरी जवळजवळ सारा देश त्यात आला. दूरदर्शन लंडनच्या आसपास नुकतेच कुठे बाळसे धरत होते. ते १ सप्टेंबर १९३९ रोजी बंद करण्यात आले. त्याच दिवशी बीबीसीने आपली राष्ट्रीय आणि प्रादेशिक केंद्रे गुंडाळून एकच 'होम सर्व्हिस' सुरू केली. याचे कारण लष्करी होते. वेगवेगळ्या केंद्रांच्या वेगवेगळ्या लहरींचा माग काढत शत्रूची विमाने नेमक्या शहरावर येऊ शकतात, म्हणून सर्व प्रक्षेपक एकाच कार्यक्रमावर आणि मोजक्याच लहरींवर बांधून टाकले. हल्ला सुरू झाला की जवळचा प्रक्षेपक मुका होई आणि घरातल्या रेडिओचा आवाज बारीक होई. पुष्कळ घरांत आवाज असा खोल गेला की भोंगा वाजण्यापूर्वीच माणसे चपला शोधू लागत.

हवामानाचा अंदाजही बंद झाला, कारण उद्या आभाळ स्वच्छ आहे हे जर्मन वैमानिकाला आयते कशाला सांगायचे! पहिल्या पंधरवड्यात तर बातम्या, सरकारी सूचना आणि सँडी मॅकफर्सन या वादकाचा ऑर्गन याखेरीज श्रोत्यांच्या वाट्याला फारसे काही आले नाही. बिचाऱ्या मॅकफर्सनने दिवसातून अनेक वेळा ऑर्गन वाजवून युद्धाची सुरुवात एकट्याने रेटली. लोक कंटाळले. चित्रपटगृहे आणि नाटकगृहेही सरकारने आरंभी बंद केली होती, बाहेर काळोख सक्तीचा, खिडक्यांना काळे पडदे. अशा वेळी घरात कोंडलेल्या माणसाला नुसत्या सूचना ऐकवून चालत नाही, ही गोष्ट अधिकाऱ्यांच्या ध्यानात यायला काही आठवडे जावे लागले.

ती ध्यानात आल्यावर जी संध्याकाळ आकाराला आली, तिची हकीकत आपल्यासारख्या दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्यांना अधिक जवळची वाटेल असे मला वाटते. कारण त्या संध्याकाळचा खरा प्रश्न आवाजाचा होता. देशाच्या नावाने बोलणारा आवाज कुणाचा असावा, कोणत्या घाटणीचा असावा, आणि ऐकणाऱ्याने त्यावर विश्वास का ठेवावा?

संध्याकाळचा कणा म्हणजे रात्री नऊच्या बातम्या. त्याआधी विनोदी कार्यक्रम, नाच-संगीत, एखादे नाटक, मग बिग बेनचे ठोके, मग बातम्या, आणि बातम्यांनंतर एखाद्या वक्त्याचे छोटेखानी भाषण. १० नोव्हेंबर १९४० पासून नऊच्या ठोक्यांच्या त्या मिनिटाला घरोघर शांत राहून प्रार्थना किंवा आपल्या माणसांची आठवण करण्याचा रिवाज पडला. नऊला रस्ते ओस पडत, असे त्या काळच्या आठवणींत पुन:पुन्हा येते.

१५ ऑक्टोबर १९४०, मंगळवार. लंडनवरचा रात्रीचा बॉम्बवर्षाव सुरू होऊन महिना उलटून गेला होता. १९३२ साली बांधलेली 'ब्रॉडकास्टिंग हाऊस' ही बीबीसीची पांढरीशुभ्र इमारत युद्धात करड्या रंगाने रंगवली होती. तळमजल्याखालच्या संगीत सभागृहात गाद्या टाकून कर्मचाऱ्यांची झोपण्याची सोय केली होती, स्त्रिया आणि पुरुष यांच्यामध्ये पडदा. त्या रात्री आठच्या सुमारास एक मोठा बॉम्ब सातव्या मजल्याच्या खिडकीतून आत घुसला, आणि मजले फोडत पाचव्या मजल्यावरच्या संगीत-ग्रंथालयात येऊन पडला. तो लगेच फुटला नाही. काही कर्मचारी तो हलवण्याच्या खटपटीत असतानाच, नऊ वाजून दोन मिनिटांनी, तो फुटला. सात जण दगावले.

खाली तळघरातल्या स्टुडिओत ब्रूस बेलफ्रेज नऊच्या बातम्या वाचत होता. श्रोत्यांना एक दबका धप्प आवाज ऐकू आला, वाचणारा क्षणभर थांबला, आणि पुढचे वाक्य सुरू झाले. छताची माती आणि काजळी कागदांवर पडली होती, ती फुंकून टाकून त्याने वाचन चालू ठेवले. आपल्या इमारतीला काय झाले हे त्या बातमीपत्रात त्याने सांगितले नाही, सांगण्याची परवानगीही नव्हती. या प्रसंगाचे नंतर पुष्कळ कौतुक झाले, आणि ते योग्यच आहे. पण मला या हकीकतीत वाचणाऱ्यापेक्षा वर दगावलेले ते सात जण अधिक आठवतात. त्यांचा आवाज कधी रेडिओवर आला नव्हता.

वाचणाऱ्याचे नाव श्रोत्यांना माहीत होते, हीही युद्धाचीच देणगी. त्यापूर्वी बीबीसीचे निवेदक निनावी असत. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन फौजा इंग्लंडवर उतरतील अशी धास्ती निर्माण झाली. त्या उतरल्या आणि एखादे केंद्र त्यांनी ताब्यात घेतले, तर खोट्या बातम्या देणारा आवाज लोकांनी ओळखायचा कसा? म्हणून निवेदक आपले नाव सांगून बातम्या वाचू लागले आणि लोकांना ते आवाज ओळखीचे झाले. पण ते सगळे आवाज एकाच साच्यातले होते. दक्षिण इंग्लंडमधल्या उंची शाळांतून घडलेले, नीटस, इस्त्री केलेले इंग्रजी! यॉर्कशरचा गिरणी-कामगार किंवा स्कॉटलंडचा कोळी घरात तसे बोलत नव्हता.

नोव्हेंबर १९४१ मध्ये विल्फ्रेड पिकल्स हा यॉर्कशरचा माणूस राष्ट्रीय बातम्या वाचू लागला. त्याचा हेल उत्तरेकडचा होता. शत्रूला त्या हेलाची नक्कल जमणार नाही, असे एक कारण त्या नेमणुकीचे सांगितले गेले. गंमत अशी की तक्रारी खुद्द श्रोत्यांकडूनच आल्या, आणि त्यात उत्तरेकडचे श्रोतेही होते. अशा बोलीत सांगितलेली बातमी खरी वाटत नाही, असे लोक म्हणू लागले! पिकल्स मात्र रात्रीचा निरोप उत्तरेकडच्या मंडळींना त्यांच्याच उच्चारात देत असे. बेळगावकडची मराठी बोलणाऱ्या मुलाला पुण्यात गेल्यावर पहिले काही महिने काय अनुभव येतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या प्रकरणाचे अधिक स्पष्टीकरण नको. आपलीच बोली मोठ्या व्यासपीठावर ऐकली की आपल्यालाच ती कमी दर्जाची का वाटावी, हे कोडे काही एकट्या यॉर्कशरचे नाही.

उलट, उंची इंग्रजीचा पुरेपूर फायदा उठवला तो शत्रूने. 'जर्मनी बोलत आहे' अशा अर्थाच्या घोषणेने हँबुर्गहून एक इंग्रज वाटणारा आवाज रोज ब्रिटनला टोमणे मारू लागला. लंडनच्या एका वृत्तपत्राच्या रेडिओ-समीक्षकाने सप्टेंबर १९३९ मध्ये त्याला 'लॉर्ड हॉ-हॉ' असे नाव ठेवले. मुळात ते नाव दुसऱ्याच एका निवेदकाला दिले होते, पण ते चिकटले विल्यम जॉइसला. हा जॉइस अमेरिकेत ब्रुकलिनला जन्मलेला, आयर्लंडमध्ये वाढलेला, ब्रिटिश फॅसिस्टांत वावरलेला आणि युद्धाच्या तोंडावर बर्लिनला पळालेला. १९४० च्या आरंभी बीबीसीनेच केलेल्या पाहणीत त्याचे नियमित श्रोते साठ लाखांच्या घरात आणि अधूनमधून ऐकणारे एक कोटी ऐंशी लाख निघाले.

इंग्लंडात शत्रूचा रेडिओ ऐकणे हा गुन्हा नव्हता. जर्मनीत मात्र परकी केंद्र ऐकणाऱ्याला तुरुंग होता आणि ऐकलेले पसरवणाऱ्याला प्रसंगी फाशी. रेडिओच्या बटणाला तशा इशाऱ्याचे पत्रक अडकवलेले असे. एवढ्या एका फरकावर वर्गात एक तास सहज बोलता येते. दहावीच्या मुलांना हुकूमशाहीची व्याख्या पाठ असते. त्या बटणाला अडकवलेल्या कागदाची गोष्ट सांगितली म्हणजे ती कळते.

लोक हॉ-हॉ ऐकत ते पुष्कळसे करमणूक म्हणून. बीबीसी जे सांगत नाही ते हा सांगेल, अशीही एक आशा असे. पण भीती आपले काम करीतच होती. अमुक गावच्या घड्याळाचा काटा दहा मिनिटे मागे आहे हेसुद्धा हॉ-हॉने काल सांगितले, आता बॉम्ब आपल्यावरच, अशा वावड्या गावोगाव उठल्या. सरकारी खात्याने तपास केला तेव्हा असे कोणतेही भाषण जर्मन केंद्रावरून झालेले नव्हते. जे कुणी बोललेच नाही ते शेकडो लोकांनी 'ऐकले' होते.

या आवाजाला उत्तर म्हणून नऊच्या बातम्यांनंतरची भाषणे आली. त्यांत ५ जून १९४० रोजी जे. बी. प्रिस्टली हा कादंबरीकार प्रथम बोलला. डंकर्कच्या किनाऱ्यावरून सैनिकांना परत आणण्याचे काम नुकतेच संपले होते. प्रिस्टली युद्धनौकांविषयी बोललाच नाही. सुट्टीत सहलीची माणसे नेणाऱ्या, चाके फिरवत जाणाऱ्या छोट्या आगबोटींविषयी तो बोलला, आणि त्यांतल्या 'ग्रेसी फील्ड्स' नावाच्या, परत न आलेल्या एका बोटीविषयी. तो ब्रॅडफर्डचा होता, आणि त्याच्या जाडसर, सावकाश आवाजात ते गाव ऐकू येई. पुढे तो दर रविवारी बोलू लागला. ब्रॅडफर्डवर बॉम्ब पडल्यावर तिथल्या एका दुकानाच्या खिडकीतले, वर्षानुवर्षे वाफ सोडणारे मांसाचे मोठे पक्वान्न अजून जागेवर आहे आणि अजून वाफ सोडते आहे, एवढ्यावर त्याने एक अख्खे भाषण केले होते. देशातल्या प्रौढांपैकी तिसरा हिस्सा त्याला ऐकत असे.

पण प्रिस्टली आणखी एक गोष्ट बोलू लागला. हे युद्ध संपल्यावर पूर्वीचीच बेकारी, पूर्वीच्याच गलिच्छ चाळी आणि पूर्वीचीच मालकी परत आणायची असेल, तर लढायचे कशासाठी? सत्ताधारी हुजूर पक्षातल्या अनेकांना हे रुचले नाही. २० ऑक्टोबर १९४० ला त्याची पहिली मालिका संपली. १९४१ च्या जानेवारीत तो परत आला आणि मार्चमध्ये पुन्हा थांबला. त्याला थांबवले कुणी, यावर इतिहासकारांत अजूनही वाद आहे; बीबीसी खात्याकडे बोट दाखवत असे आणि खाते बीबीसीकडे. सरकारी कारभाराची ज्यांना सवय आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. १९४५ च्या निवडणुकीत मजूर पक्ष प्रचंड बहुमताने आला, तेव्हा प्रिस्टलीच्या त्या रविवारांची आठवण अनेकांना झाली.

समालोचनाचा प्रश्न याहून नाजूक होता. १४ जुलै १९४० रोजी चार्ल्स गार्डनर हा बीबीसीचा वार्ताहर ध्वनिमुद्रणाची गाडी घेऊन डोव्हरच्या कड्यावर उभा होता. समोर खाडीत ब्रिटिश जहाजांच्या ताफ्यावर जर्मन विमाने तुटून पडली आणि ब्रिटिश लढाऊ विमाने त्यांच्यामागे लागली. गार्डनरने जे पाहिले ते तसेच, भरभर, श्वास न घेता सांगितले. कोण कोणाच्या मागे आहे, कोण पडले, किती पडले, सारे एखादा सामना रंगात आल्यासारखे. हे ध्वनिमुद्रण लोकांना ऐकवले गेले तेव्हा पुष्कळांना स्फुरण चढले. पण निषेधाची पत्रेही आली. वर माणसे जळत आहेत आणि तुम्ही धावसंख्या सांगता आहात काय, असा त्यांचा आशय.

आणि यातली सर्वांत बोचरी गोष्ट नंतर उजेडात आली. गार्डनरने जे विमान जर्मन समजून पडताना वर्णिले, ते ब्रिटिशच होते. त्यातून हवाई छत्रीने उतरलेला तरुण वैमानिक दुसऱ्या दिवशी मरण पावला. गार्डनर खोटे बोलला नव्हता. दुरून, घाईत, आपला पक्ष जिंकावा अशी इच्छा मनात धरून पाहिले की डोळे असेच पाहतात. अलीकडे युद्धाच्या बातम्या रात्रभर ओरडून सांगणाऱ्या वाहिन्या पाहताना मला डोव्हरचा तो कडा हटकून आठवतो. फरक इतकाच की गार्डनर निदान जागेवर उभा होता.

त्याच रविवारी रात्री चर्चिल रेडिओवर बोलला. लंडन गुलाम होण्यापेक्षा त्याची राख झालेली पत्करेन, असा त्याचा सूर होता. प्रिस्टली त्या सुमारास मार्गेट या ओस पडलेल्या समुद्रकाठच्या गावाविषयी बोलला. एकाच देशाच्या एकाच रेडिओवर, जवळजवळ एकाच वेळी असे तीन सूर उमटत होते, आणि ऐकणारा तिन्ही ऐकत होता.

आता हशाकडे वळू. 'पुन्हा तोच माणूस' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून 'इटमा' नावाचा कार्यक्रम जुलै १९३९ मध्ये सुरू झाला. तो माणूस म्हणजे हिटलर. वृत्तपत्रे त्याच्याविषयी हेच शब्द वापरीत. आद्याक्षरांची हौस तेव्हाच्या सरकारी खात्यांना फार, म्हणून नावातच थट्टा. टॉमी हँडली हा लिव्हरपूलचा नट, टेड कॅव्हनाह लेखक आणि फ्रान्सिस वर्स्ली निर्माता. युद्ध सुरू होताच हँडली 'कटकटी आणि गूढ' खात्याचा मंत्री झाला! अर्ध्या तासात शंभर हशे, असा लेखकाचा हिशेब असे. फुंफ नावाचा जर्मन हेर टेलिफोनवर धमक्या देई. तो आवाज जॅक ट्रेन हा नट पेल्यात तोंड घालून काढत असे. पुढे मिसेस मॉप ही बादली खडखडवत मंत्र्याच्या दालनात शिरणारी झाडूवाली आली आणि तिचे ठरलेले वाक्य बंदरापासून इस्पितळापर्यंत सगळीकडे ऐकू येऊ लागले. खऱ्या हेरांच्या भीतीने लोक शेजाऱ्याकडे संशयाने पाहत होते, तेव्हा एका पेल्याने त्या भीतीची हवा काढून घेतली. एप्रिल १९४२ मध्ये राजकन्या एलिझाबेथच्या सोळाव्या वाढदिवसानिमित्त विंडसरच्या वाड्यात या मंडळींचा खास प्रयोग झाला. १९४९ च्या जानेवारीत हँडली वारला तेव्हा त्याच्यासाठी सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये प्रार्थनासभा झाली. विदूषकाला असा मान इंग्लंडात क्वचितच मिळाला असेल.

हा हशा लंडनहून येत नव्हता, हे श्रोत्यांना सांगितले जात नसे. विनोदी कार्यक्रमांचे सगळे खाते युद्ध सुरू होताच ब्रिस्टलला आणि तिथेही बॉम्ब पडू लागल्यावर १९४१ च्या एप्रिलमध्ये वेल्समधल्या बँगोर या लहानशा गावी हलवले गेले. बँगोर वेल्श बोलणाऱ्यांचे, रविवार कडक पाळणाऱ्यांचे, प्रार्थनामंदिरांचे. तिथे लंडनचे नट, गायिका आणि वादक यांचा मोठा तांडा येऊन उतरला. सभागृहे मिळेनात, तेव्हा गावातली मिळतील ती सार्वजनिक दालने स्टुडिओ झाली. म्हणजे सारे इंग्लंड ज्या विनोदावर हसत होते, तो अशा गावातून येत होता जिथे रस्त्यावर इंग्रजी ही दुसरी भाषा होती. त्याच होम सर्व्हिसवर वेल्श भाषेतही रोज बातम्या होत. अटीतटीच्या युद्धात, लहरींची एवढी टंचाई असताना, एका लहान भाषेसाठी काही मिनिटे राखून ठेवली गेली. धारवाड आणि सांगली या दोन केंद्रांमध्ये रेडिओचा काटा फिरवत वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्या काही मिनिटांची किंमत कळते.

मग आपल्या भाषेचे काय? हिंदुस्थानात तेव्हा चाळीस कोटींच्या आसपास माणसांमागे रेडिओचे परवाने दोन लाखांपर्यंतही पोहोचले नव्हते. एका संचाभोवती गाव गोळा होई, हे खरे. बीबीसीने मे १९४० मध्ये हिंदुस्थानी भाषेतले प्रक्षेपण सुरू केले, आणि १९४२ मध्ये साप्ताहिक मराठी वार्तापत्रही लंडनहून येऊ लागले. त्याचा मूळ इंग्रजी मजकूर लिहिणारा होता जॉर्ज ऑरवेल, ज्याचे '१९८४' आज आपण वाचतो. तो ऑगस्ट १९४१ पासून तिथल्या पौर्वात्य विभागात नोकरीला होता. त्याच्या मजकुराचे मराठी भाषांतर होई, ते अभिवेक्षक तपासत, आणि मग ते वाचले जाई. या विभागात काम करणाऱ्यांत वेणू चितळे होत्या, कोल्हापूरकडच्या. १९४२ च्या एका प्रसिद्ध छायाचित्रात टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, ऑरवेल यांच्या बरोबरीने त्या दिसतात. बॉम्बने खिळखिळ्या झालेल्या लंडनमधून मराठी उच्चार हजारो मैलांवर पाठवणाऱ्या या बाईंचे नाव आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. युद्धानंतर त्या परत आल्या. १९५० साली त्यांची 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली.

पण लंडनचा मराठी आवाज हा एकच मराठी आवाज नव्हता. बर्लिनहून सुभाषबाबूंच्या आझाद हिंद रेडिओचे प्रक्षेपण १९४२ पासून येत होते आणि त्यातही मराठी बातम्या असत. आणि खुद्द मुंबईत, नेते तुरुंगात गेल्यावर, २७ ऑगस्ट १९४२ पासून काँग्रेस रेडिओ बोलू लागला. उषा मेहता तेव्हा बाविशीच्या होत्या. जागा बदलत, पोलिसांच्या गाड्यांना चुकवत, चिमूर-आष्टीच्या अत्याचारांसारख्या बातम्या, ज्या छापण्याची वृत्तपत्रांना मुभा नव्हती, त्या या केंद्राने सांगितल्या. १२ नोव्हेंबरच्या रात्री पोलिसांनी दार फोडले तेव्हाही प्रक्षेपण चालू होते. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

त्या वर्षी ज्याच्याकडे चांगला संच होता, त्याला एकाच रात्री काटा फिरवून लंडनचे मराठी, बर्लिनचे मराठी आणि मुंबईचा हा चोरटा आवाज पकडणे शक्य होते. तिघेही स्वातंत्र्याचेच नाव घेत होते. ऑरवेलला यातली अडचण दिसत होती. ज्या हिंदुस्थानचे नेते कैदेत आहेत त्या हिंदुस्थानला लोकशाहीच्या बाजूने उभे राहा असे सांगणे जवळपास निरुपयोगी आहे, अशा अर्थाचा मजकूर त्याने सप्टेंबर १९४३ च्या आपल्या राजीनाम्यात लिहिला आणि नोव्हेंबरमध्ये तो बीबीसीतून बाहेर पडला. मराठी वार्तापत्रे लिहिण्याची सक्ती सुटल्यावर त्याने जे पुस्तक हाती घेतले, ते डुकरांच्या राज्याचे, 'ॲनिमल फार्म'.